रविवारी हरल्यावर काय करायचं: टेनिस सर्किटवर पहिलं पाऊल टाकणाऱ्या नाशिककरांसाठी

रविवारची दुपार. परदेशातल्या एका छोट्या गावात क्वालिफाइंगच्या, म्हणजे पात्रता फेऱ्यांच्या, पहिल्याच राउंडला तुम्ही हरलात. बक्षिसाचा एक पैसा नाही, रँकिंगचा एक पॉइंट नाही. पुढची स्पर्धा त्याच गावात, पण पुढच्या रविवारी. मधले सहा दिवस खोलीचं भाडं चालू आहे आणि घरून फोन यायची वेळ झाली आहे.

व्यावसायिक टेनिस खेळायचं ठरवलेल्या प्रत्येकावर ही दुपार येते, आणि एकदा नाही, अनेकदा येते. ६४ जणांचं क्वालिफाइंग आणि ३२ जणांचा मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धा, असलेल्या ठिकाणी, आठ क्वालिफायर वर जातात असं धरलं, तर एका आठवड्यात ८८ जण खेळतात आणि सिंगल्समध्ये त्यातले ८७ हरतात. म्हणजे या धंद्यात हरण्याचा दिवस हा अपघात नसतो, तो कामाचा नेहमीचा दिवस असतो. त्या दिवसाची सोय आधीच लावून ठेवली तर चार वर्षं टिकता येतं. नाही लावली तर फोरहँड कितीही चांगला असो, दीड वर्षात पैसे आणि उमेद दोन्ही संपतात.

मी सहा वर्षं हे सर्किट खेळलो. आता गंगापूर रोडला मुलांना शिकवतो. दर वर्षी एक-दोन मुलं किंवा मुली विचारतात, "सर, आता प्रो खेळायचं, सुरुवात कुठून करू?" त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगत आलो ते इथे एकत्र लिहितो आहे.

पहिलं काम: जिना कसा आहे ते समजून घ्या

टीव्हीवर दिसतात त्या स्पर्धा जिन्याचा वरचा मजला. तुमची सुरुवात तळमजल्यावर, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) वर्ल्ड टेनिस टूरवर. मुलांसाठी तिथे एम१५ आणि एम२५ अशा दोन पायऱ्या आहेत. मुलींसाठी डब्ल्यू१५, डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५ आणि डब्ल्यू१००. नावातला आकडा म्हणजे सिंगल्स जिंकणाऱ्याला मिळणारे पॉइंट. त्याच्यावर मुलांचे चॅलेंजर आणि मुलींचे डब्ल्यूटीए १२५, आणि त्याच्यावर मुख्य टूर: मुलांची एटीपी, मुलींची डब्ल्यूटीए.

एम१५ मध्ये पहिला एटीपी पॉइंट मिळतो तो मेन ड्रॉची पहिली मॅच जिंकल्यावर. क्वालिफाइंगमधून आलात तर त्याआधी दोन किंवा तीन मॅच जिंकायच्या. म्हणजे एका पॉइंटसाठी सलग तीन-चार विजय. मुलांना एक पॉइंट मिळाला की एटीपीच्या यादीत नाव येतं. मुलींचा नियम वेगळा आहे: डब्ल्यूटीए रँकिंगसाठी तीन स्पर्धांमध्ये पॉइंट मिळवावे लागतात किंवा एकूण किमान १० पॉइंट लागतात. हे पॉइंट ५२ आठवडे राहतात आणि मग गळून पडतात. त्यामुळे गेल्या वर्षीचा चांगला आठवडा यंदा त्याच आठवड्यात 'राखावा' लागतो.

सुरुवातीला जागतिक रँकिंग नसेल तर देशातलं रँकिंग उपयोगी पडतं. म्हणून एआयटीएच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, मेन्स आणि विमेन्स स्पर्धा कमी लेखू नका. ज्युनिअरमध्ये जागतिक पहिल्या शंभरात असाल तर १५ च्या स्पर्धांमध्ये थेट मेन ड्रॉची राखीव जागा मिळू शकते. मात्र तिथपर्यंत पोचलेली मुलं फार थोडी, आणि त्यांना या लेखाची गरजही कमी.

दुसरं काम: नाशिकमध्ये राहून काय होतं आणि काय नाही

आपल्याकडे हवा चांगली, हिवाळा तर टेनिससाठीच केलेला. सातपूरच्या निवेकसारखी क्लबची कोर्ट आहेत, पांडवलेण्यांच्या पायऱ्या फिटनेसला फुकट आहेत. मात्र दोन गोष्टी इथे मिळत नाहीत. एक म्हणजे तुमच्या तोडीचे किंवा तुमच्याहून सरस दहा-बारा खेळाडू. रोज त्याच दोघांशी खेळलात की त्यांची सर्व्हिस पाठ होते आणि परक्याची आली की पाय जागेवरच राहतात. दुसरी, पावसाळ्यात खेळायला छप्पर.

पहिल्यावर उपाय पुणे. दर पंधरा दिवसांनी दोन रात्रींसाठी पुण्याला जा, बालेवाडी किंवा डेक्कनच्या बाजूला ओळखी करा, फक्त मॅचेस खेळा आणि परत या. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करत पाच-सहा तास जातात. चाकणच्या ट्रॅफिकने जीव जातो, तरी जा. कोचिंग बदलायची गरज नाही, समोरचा माणूस बदलायची आहे.

पावसाळ्याचं उत्तर आपल्या द्राक्षवाल्यांकडे आहे. दिंडोरी-निफाडकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. एप्रिलनंतर काडी नीट झाली नाही तर ऑक्टोबरला काहीही करा, घड लागत नाहीत. जून ते ऑगस्ट हा तुमचा काडीचा काळ. जिम, पायांची ताकद, खांद्याची निगा, पाऊस उघडेल तेव्हा सर्व्हिसच्या बादल्या. भारतातल्या स्पर्धांचा मोठा हंगाम साधारण हिवाळ्यात येतो. सोलापूर, पुणे, नवी मुंबई इथे मुलींच्या स्पर्धा झाल्या आहेत; मुलांना कलबुर्गी, धारवाड, दावणगेरे अशी रात्रीच्या प्रवासात गाठता येणारी गावं. घरच्या जेवणापासून जवळ असलेल्या या स्पर्धा आधी खेळा.

एक तांत्रिक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे बॉल जरा जास्त पळतो. समुद्रकाठी गेलात की तोच बॉल जड लागतो आणि आखूड पडतो. तिथे रॅकेटच्या तारांचं टेन्शन एक-दोन पाउंडांनी उतरवून बघा आणि पहिले दोन दिवस नेटवरून उंच मारायची सवय करा. पहिल्या परदेश दौऱ्यात माझे निम्मे बॉल सर्व्हिस लाइनवर पडत होते आणि मी आठवडाभर माझ्या हाताला दोष देत होतो.

तिसरं काम: कागद आणि घड्याळ

आयटीएफचा आयपिन काढा. हा तुमचा खेळाडू क्रमांक, वार्षिक शुल्क भरून मिळतो, सगळ्या एन्ट्री याच खात्यातून होतात. त्यासोबत भ्रष्टाचारविरोधी ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो भावाकडून करून घेऊ नका, त्यातल्या प्रत्येक वाक्याशी पुढे गाठ पडते.

एन्ट्रीची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी, जीएमटीप्रमाणे दुपारी २ वाजता संपते. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. नाव काढून घ्यायची मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारी, त्याच वेळी. फोनमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी पाचचा आणि दर मंगळवारी पाचचा अलार्म लावा, आणि तरीही त्या त्या स्पर्धेची फॅक्ट शीट (माहितीपत्रक) उघडून वेळ तपासा. एका आठवड्यात एकापेक्षा जास्त ठिकाणी नाव देता येतं, फक्त पसंतीचा क्रम नीट लावा. आळसात लावलेला क्रम तुम्हाला नको त्या खंडात नेऊन टाकतो. मुदतीनंतर नाव काढलं तर दंड किंवा इतर कारवाई होऊ शकते.

आता व्हिसा. इथे आपली मुलं सर्वांत जास्त अडकतात. एन्ट्री लिस्ट लागते तेव्हा स्पर्धा जेमतेम अडीच आठवड्यांवर असते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांसाठीच्या एकत्रित व्हिसाचा) निर्णय व्हायला साधारण १५ दिवस लागतात, आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळायची. हिशेब जुळतच नाही. म्हणून युरोपचा विचार असेल तर एका आठवड्याच्या भरवशावर अर्ज करू नका. तीन-चार महिने आधी संपूर्ण दौऱ्याचा कार्यक्रम तयार करा, स्पर्धेच्या आयोजकांकडून आणि आपल्या फेडरेशनकडून पत्र मागा आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. व्हिसा मिळाल्यावरही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, ते दिवस कॅलेंडरवर मोजत जा. पासपोर्ट ६० पानांचा काढा. आफ्रिकेत केनिया किंवा नायजेरियासारख्या देशात जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकून पडाल.

चौथं काम: पैशांचा हिशेब, घरच्या टेबलावर

या भागासाठी आई-बाबांना शेजारी बसवा.

एम१५ स्पर्धेचं एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. बरीच वर्षं त्याची वाटणी अशी राहिली आहे: सिंगल्स जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर, मेन ड्रॉच्या पहिल्या राउंडला हरणाऱ्याला १५६ डॉलर. क्वालिफाइंगला हरलात तर काही नाही, उलट ४० डॉलरच्या आसपास एन्ट्री फी तुम्ही भरलेली असते. जे मिळतं त्यातून त्या देशाचा कर कापला जातो. त्याचं प्रमाणपत्र मागून ठेवा, इथे रिटर्न भरताना सीएला लागेल.

आता तीन आठवड्यांच्या एका दौऱ्याचं उदाहरण घेऊ. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कीतलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे आठवड्यामागून आठवडा १५ च्या स्पर्धा होत आल्या आहेत, त्यामुळे सुरुवातीला सगळेच तिकडे जातात. विमानाचे ५०-६० हजार धरा. रिसॉर्टमधली खोली आणि जेवण मिळून दिवसाला ४-५ हजार, तेवीस दिवसांचे लाखभर. एन्ट्री, स्ट्रिंगिंग, टॅक्सी, सिम कार्ड, लाँड्री, मुंबई विमानतळापर्यंतची गाडी, यांचे आणखी २०-२५ हजार. पावणेदोन लाखांच्या पुढे गेलात. आणि तिन्ही आठवडे मेन ड्रॉमध्ये जाऊन पहिल्या राउंडला हरलात तर हातात ४६८ डॉलर, म्हणजे कर कापायच्या आधी ४० हजार रुपयांच्या आसपास. लक्षात घ्या, तीनदा मेन ड्रॉ गाठणं ही नवख्यासाठी उत्तम कामगिरी आहे, आणि ती करूनही हा तोटा.

२०१३ सालच्या आकड्यांवरून आयटीएफने काढलेल्या हिशेबात, कोचचा खर्च न धरताही, पुरुषांना खर्च भरून काढायला ३३६ च्या आसपास आणि महिलांना २५३ च्या आसपास रँकिंग लागत होतं. २०२४ पासून एटीपीने पहिल्या २५० जणांना वर्षाच्या किमान कमाईची हमी देणारी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती अशी होती: पहिल्या शंभरांना ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ ला दीड लाख, १७६ ते २५० ला ७५ हजार. चांगली योजना आहे. २५१ व्या माणसाला ती लागू नाही.

सुमित नागलचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, देशातला अव्वल सिंगल्स खेळाडू असताना, त्याने सांगितलं की वर्षभर खेळून त्याच्या खात्यात ९०० युरोच्या आसपास उरले आहेत. चार महिन्यांनी मेलबर्नमध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनला, क्वालिफाइंगमधून येऊन त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅमच्या सिंगल्समध्ये भारतीयाने मानांकिताला हरवण्याची १९८९ मधल्या रमेश कृष्णननंतरची ती पहिली वेळ होती. लोक या गोष्टीचा दुसरा भाग सांगतात. घरी बसून हिशेब करताना पहिला भाग समोर ठेवा.

मग पैसे आणायचे कुठून? माझा सल्ला असा. पूर्ण वर्षाचा खर्च आधी काढा, त्यातला घर कर्ज न काढता किती देऊ शकतं ते ठरवा, आणि उरलेल्यासाठीच प्रायोजक शोधा. नाशिकमध्ये कारखानदार आहेत, निर्यातदार आहेत, पण "मुलगी छान खेळते, मदत करा" असं म्हणून गेलात तर ते चहा पाजतात आणि सोडतात. एका पानावर लिहून न्या: कोणत्या महिन्यात कोणत्या सहा स्पर्धा, खर्च किती, गेल्या वर्षीचा निकाल काय. पैसे मिळाले तर दर महिन्याला हिशेब पाठवा, हरलेल्या मॅचसह. माझ्या एका विद्यार्थिनीला दुसऱ्या वर्षीही पैसे मिळाले ते या हिशेबामुळे, निकालामुळे नाही.

घर गहाण ठेवून हा खेळ खेळू नका. हे मी अगदी पोटतिडकीने सांगतो, कारण मी ती घरं पाहिली आहेत.

कमाईचा आणखी एक रस्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो. जर्मनी आणि फ्रान्समध्ये क्लबांच्या सांघिक लढती होतात आणि क्लब बाहेरच्या खेळाडूंना मॅचचे पैसे देतात. चारशे-पाचशेच्या पुढचे कितीतरी खेळाडू त्याच पैशांवर उरलेलं वर्ष खेळतात. आधी थोडं रँकिंग लागतं, ओळख लागते, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून चौकशी सुरू करा.

पाचवं काम: बॅग

एकसारख्या तीन रॅकेट, एकाच ग्रिपच्या. दोन चालतात असं वाटतं, पण मॅचमध्ये एक तार तुटली की तुम्ही उरलेली जपून खेळायला लागता. तारेचं २०० मीटरचं रीळ घ्या, त्यात साधारण सोळा रॅकेट होतात आणि सुट्या पाकिटांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. घरी मशीन असेल तर स्वतः स्ट्रिंगिंग शिका; सर्किटवर इतरांची रॅकेट विणून जेवणाचा खर्च काढणारे माझ्या ओळखीत होते. खाण्याचं म्हणाल तर मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, ओआरएस. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, पेढे घरीच ठेवा. प्रवासाचा विमा घेताना व्यावसायिक खेळातली दुखापत त्यात धरली आहे का, ते लेखी विचारा. साध्या पॉलिसीत ती बहुतेक वेळा वगळलेली असते.

मुंबईहून रात्रीचं विमान असेल तर समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. तरी चार तास जादा हाताशी ठेवा.

सहावं काम: तिथे पोचल्यावर

दोन दिवस आधी पोचा. सुपरवायझरच्या टेबलावर जाऊन नाव सांगा, प्रॅक्टिस कोर्टाची वही कुठे असते ते विचारा, स्पर्धेचे बॉल कोणते ते बघा. कोर्ट कमी आणि माणसं जास्त असतात, त्यामुळे एका कोर्टावर चौघं सराव करतात. लाजू नका. कोणालाही "उद्या नऊला मारूया का?" असं विचारायची सवय लावा. भारतीय पोरांच्याच कोंडाळ्यात राहिलात तर मैत्री होईल, पण डावखुऱ्या अर्जेंटिनी मुलाची सर्व्हिस कधी बघणार?

क्वालिफाइंगला बऱ्याचदा खुर्चीवर अंपायर नसतो, बॉल उचलायला पोरं नसतात. आपल्या बाजूच्या रेषा आपणच बघायच्या. कॉल लगेच आणि मोठ्याने द्या. समोरच्याने दोनदा शंकास्पद कॉल दिला तर वाद घालू नका, फिरत असलेल्या अधिकाऱ्याला बोलवा आणि कोर्टाशेजारी उभं राहायला सांगा. तिसरा सेट पूर्ण नसतो, दहा पॉइंटचा मॅच टायब्रेक असतो, म्हणून घरी सरावात आठवड्यातून दहा तरी असे टायब्रेक खेळा. नाशिकमध्ये दोन-दोन तासांची रॅली करून गेलेली मुलं तिथे दहा मिनिटांत हरतात.

क्वालिफाइंगच्या शेवटच्या राउंडला हरलात तर लगेच बॅग भरू नका. लकी लूझरसाठी, म्हणजे मेन ड्रॉमधून कोणी माघार घेतली तर त्याच्या जागी खेळण्यासाठी, नाव नोंदवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मॅचच्या आधी, बूट घालून, तिथे हजर राहा. कोणाची पाठ धरते, कोणाचं पोट बिघडतं. माझा पहिला पॉइंट असाच आला. यादीत माझ्या वर असलेला मुलगा झोपून राहिला होता.

डबल्स खेळाच. साइन-इनची वेळ फॅक्ट शीटवर असते, जोडीदार आधीच ठरवून ठेवा. सिंगल्स रविवारी संपलं तरी डबल्समुळे आठवडा बुधवार-गुरुवारपर्यंत जिवंत राहतो. आपल्या पुण्याच्या अर्जुन कढेने पुढे डबल्सवरच भर दिला. बार्शीची प्रार्थना ठोंबरे डबल्सच्या जोरावर २०१६ च्या ऑलिंपिकपर्यंत पोचली.

सातवं काम: हरल्यानंतरचे सहा दिवस

आता पुन्हा त्या रविवारच्या दुपारी येऊ.

पहिला तास: कोणाशी बोलायचं नाही. पाणी, ओआरएस, वीस मिनिटं स्ट्रेचिंग, अंघोळ, जेवण. फोन बॅगेत. हरल्याबरोबर इन्स्टाग्राम उघडलंत तर अनोळखी लोकांचे घाणेरडे मेसेज दिसतील. तुमच्यावर पैसे लावून हरलेली माणसं असतात ती. मेसेज फक्त ओळखीच्यांनाच पाठवता येतील असं सेटिंग घरूनच करून निघा. मुलींना याचा त्रास जास्त होतो, म्हणून त्यांना मी निघण्याआधी समोर बसवून सेटिंग करायला लावतो.

संध्याकाळी: वहीत पाच ओळी. स्कोअर, समोरचा कसा खेळला, आपले पॉइंट कुठे गेले, अंगाला कुठे दुखलं, उद्या काय करायचं. पाचच ओळी. दहा लिहिल्यात की रडगाणं सुरू होतं.

सोमवार: पूर्ण सुट्टी नाही, हलकं पळणं आणि जिम. सोमवारी मेन ड्रॉवाल्यांना सराव हवा असतो आणि तुम्ही मोकळे असता. ही हरलेल्या माणसाची सगळ्यात मोठी संधी. ४०० रँकिंगच्या खेळाडूला एरवी तुमच्याशी खेळायला वेळ नसतो. मॅचच्या आदल्या दिवशी त्याला बॉल मारायला कोणीतरी लागतंच. त्याच्याकडे जा. मंगळवार-बुधवारी दोन वेळा सराव, त्यातला एक पूर्ण प्रॅक्टिस सेटचा. गुरुवारी एन्ट्रीची मुदत, आणि एक तास दुसऱ्यांच्या मॅचेस बघायच्या, वही घेऊन. शुक्रवारी टेनिस बंद. गाव बघा, समुद्रावर जा, घरी निवांत बोला. शनिवारी पुन्हा मॅचसारखा सराव. आणि रविवारी उतरा.

हे वाचायला सोपं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात, सलग तीन रविवार हरल्यावर, खोलीत पडून मोबाइल बघत बसावंसं वाटतं आणि तेव्हा हा कागदावरचा आठवडाच उठवतो. म्हणून तो निघण्याआधी लिहून काढा, तिथे जाऊन ठरवू नका.

परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या, थोडं महाग असलं तरी. आणि नियम आधीच ठरवा: दुखापत असेल तर परत. नुसतं हरलो म्हणून परत नाही.

आठवं काम: औषधाची बाटली आणि ओळखीचा फोन

कारकीर्द एका दिवसात संपवणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली उत्तेजकं. मुद्दाम घेणाऱ्यांबद्दल बोलत नाही. आपल्याकडे खोकला झाला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सिरप आणायची पद्धत आहे. त्यातल्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, आणि ते खेळाडूंसाठी स्पर्धा असो-नसो कायम बंदी असलेलं आहे. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं तर स्पर्धेच्या काळात चालत नाही. गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंदीत येतं. तपासणीत सापडलं तर "डॉक्टरांनी दिलं होतं" एवढ्यावर सुटका होत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. म्हणून प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा की मी तपासणीखाली असणारा खेळाडू आहे, आणि चिठ्ठीवरचं प्रत्येक नाव नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीशी ताडून बघा. ताकदीची पावडर, काढा, भस्म, ज्याच्यावर घटक नीट छापलेले नाहीत ते काहीही नको. आजीने प्रेमाने दिलं असलं तरी नको.

दुसरी सट्टा. तुमच्या एम१५ च्या मॅचवर जगात कुठेतरी पैसे लागलेले असतात. कोणी थेट "सेट सोड" म्हणत येत नाही. आधी ओळख काढतो, जेवण देतो, मग विचारतो, "गुडघा बरा आहे ना? उद्या खेळणार ना?" हीसुद्धा आतली माहिती आहे. असा संपर्क झाला की आयटीआयएला, म्हणजे टेनिसच्या सचोटी संस्थेला, लगेच कळवायचं. नुसता नकार देऊन गप्प राहणं हासुद्धा नियमभंग आहे. टेनिसवर स्वतः पैज लावायची नाही, दहा रुपयांचीही नाही, मित्राच्या खात्यातूनही नाही.

आई-बाबांसाठी, आणि थांबण्याबद्दल

आई-बाबांनो, अठराव्या वर्षी सर्किट हा एकच रस्ता नाही. श्रीरामपूरच्या बाजूची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथल्या संघातून खेळली, मग सर्किटवर आली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. अर्जुन कढेही ओक्लाहोमा स्टेटमधून खेळला. चार वर्षं मोफत कोर्ट, फिजिओ, मॅचेस आणि शेवटी पदवी. मुलगा किंवा मुलगी देशात चांगल्या रँकिंगला असेल पण जगात अजून कुठे नसेल, तर मी आधी हाच रस्ता सुचवतो. त्याची तयारी दहावीपासून करावी लागते.

सर्किटच निवडलं तर दोन वर्षांची मुदत लिहून ठेवा, तारखेसह. पहिल्या वर्षाअखेर बघायचं: क्वालिफाइंगमधून मेन ड्रॉ किती वेळा? दुसऱ्या वर्षाअखेर: पॉइंट किती, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्याशी आधी ६-१ हरायचो त्यांच्याशी आता कसं हरतो? उत्तर पुढे सरकत असेल तर आणखी एक वर्ष. सरकत नसेल तर थांबायचं, आणि थांबण्याची ती बैठक दौऱ्यावरून आल्या आल्या घ्यायची नाही. पंधरा दिवस जाऊ द्या, मग बसा. मी सहाव्या वर्षी थांबलो ते अशाच बैठकीत, वडिलांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली तेव्हा. रागाने नव्हे. त्यांनी फक्त पानं उलटली आणि उत्तर माझं मला दिसलं.

आणि तो रविवारचा फोन. तो तुम्ही करू नका, मुलाला किंवा मुलीला करू द्या. निकाल तुम्ही लाइव्ह स्कोअरवर बघितलेला असतो, त्यांनाही ते माहीत असतं. पहिल्या दिवशी मॅचचा विषय काढू नका. खोली कशी आहे, भात मिळतो का, बरोबर कोण आहे, एवढं विचारा. मॅचबद्दल ते आपणहून बोलतील, बहुतेक मंगळवारी.